यंदा किती लागले?

कॉलेजला ग्रंथालय आहे का, प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून काही दिसतं का, बायोलॉजीच्या मॅडम वर्षभर टिकतात की दिवाळीनंतर दुसरीकडे जातात, असले प्रश्न आता कुणी विचारत नाही. अकरावीला पीसीबी घेऊन मूल बसवायचं असलं की पालक खुर्चीत टेकायच्या आत एकच प्रश्न टाकतात, “यंदा किती लागले?” कुठे लागले, हे सांगावं लागत नाही. समोरचाही तयारीचा असतो. तो ड्रॉवरमधून रंगीत पत्रक काढतो आणि एक आकडा सांगतो. आकडा तीन अंकी असला की आईचा जीव भांड्यात पडतो, चार अंकी असला की वडिलांचा हात चेकबुकाकडे जातो. किती जणांतून लागले, असं कुणी विचारलं तर सगळे त्याच्याकडे अशा नजरेनं बघतात, की जणू मंगलाष्टकं चालू असताना हा शिंकला.

लातुरात, नांदेडात हा प्रश्न चौकाचौकात ऐकू येतो यात नवल नाही. मी तो ऐकतो दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात. ही केंद्र सरकारी क्वार्टर्सची वसाहत. एका अंगाला आयएनए मार्केट, दुसऱ्या अंगाला सरोजिनी नगर. जवळच दिल्ली हाट, तिथे महाराष्ट्राच्या स्टॉलवरचा वडापाव खाऊन प्रत्येक मराठी माणूस ‘आपल्याकडची चव नाही’ म्हणतो आणि दुसरा मागवतो. राणीनं झाशी द्यायला नकार दिला होता. तिच्या नावाच्या वसाहतीतून बदली झालेला प्रत्येक बाप संपदा निदेशालयाला अर्ज करतो, की मुलांचं शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मी क्वार्टर देणार नाही. फरक इतकाच की निदेशालयाच्या नियमात तशी सोय आहे. डलहौसीच्या नियमात नव्हती.

या वसाहतीचं मोठं भाग्य आणि मोठं दुखणं एकच आहे. आयएनए स्टेशनवर मेट्रो पकडली की पुढचं स्टेशन एम्स. १९५६ साली स्थापन झालेली ही संस्था, देशातल्या प्रत्येक पीसीबीवाल्याचं पंढरपूर, आमच्या इतकी जवळ आहे की इथली आई मुलाला भरवताना चिऊकाऊ दाखवत नाही, एम्सची इमारत दाखवते. पण एम्सला शेजारधर्म ठाऊक नाही. तिथल्या जागा देशभरच्या क्रमवारीवर भरतात. राज्याचा कोटा नाही, कॉलनीचा तर नाहीच. खुल्या गटातून दिल्लीच्या एम्सला जायचं तर देशात साधारण पहिल्या पन्नासात यावं लागतं. म्हणजे आमच्या दारातून एम्सचं गेट रिक्षानं दहा मिनिटांवर, आणि अॅडमिशनच्या वाटेनं गेलं तर राजस्थानातल्या कोटामार्गे दोन वर्षं, लातूरमार्गे दोन वर्षं, मध्ये ‘रिपीट’ करावं लागलं तर तीन.

आमच्या जिन्यात तळमजल्यावर एक मराठी कुटुंब आहे. वहिनी औशाकडच्या, यजमान एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. वहिनींचे भाऊ दर उन्हाळ्यात लातूरहून येतात आणि त्यांच्या तोंडून ‘दाजी, दाजी’ ऐकून आता सगळा जिना, त्यात वरचे बंगाली बाबू आणि समोरच्या मल्याळी ताईसुद्धा, या गृहस्थांना दाजीच म्हणतो. दाजींच्या मुलीची दहावी झाली त्या वर्षी मामा आले ते दोन पिशव्या घेऊन. एकीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दुसरीत माहितीपत्रकं, आणि ती धपाट्यांपेक्षा जड.

“ताई, पोरीला इथं ठेवून काय करलालीस? लातूरला टाक. दोन वर्षांत पांढरा कोट.”

“तिकडे पाण्याचं काय रे?” वहिनींनी विचारलं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं होतं. माहेरची तहान बाईमाणूस विसरत नाही.

“पाणी कमी पडंल, टेस्ट कमी पडणार न्हाई,” मामा म्हणाले.

दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी फाइल उघडली. सरकारी माणूस संकटात देवाचं नाव घेत नाही, तुलनात्मक तक्ता करतो. दाजींच्या तक्त्यात लातूरची कॉलेजं, कोट्याचे क्लास आणि साउथ एक्स्टेन्शनपासून कालू सरायपर्यंतचे दिल्लीचे क्लास, सगळे एकाखाली एक आले. रकाने आखले: फी, हॉस्टेल, मेस, टेस्टची संख्या, लागलेले विद्यार्थी. आणि मग नोकरीत मुरलेल्या हातानं त्यांनी एक रकाना जास्तीचा आखला: एकूण बसलेले. टेंडरच्या छाननीत दहा ठेकेदारांना पाणी पाजलेला माणूस. कुणी ‘आम्ही चाळीस पूल बांधले’ म्हटलं की त्याला पहिली शंका येते ती पडलेल्या पुलांची.

तक्त्यातले सगळे रकाने दोन दिवसांत भरले. जास्तीचा रकाना कोराच. तेव्हा दाजींनी फोन लावला. स्पीकर चालू होता, त्यामुळे जिना साक्षीदार आहे.

“यंदा आपले किती लागले?”

“साडेआठशे, सर!”

“पैकी?”

“सर?”

“साडेआठशे, किती जणांपैकी?”

फोनवर थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग पलीकडचा आवाज एकदम मायाळू झाला. “सर, आधी मुलीचे दहावीचे मार्क सांगा ना. नव्वदच्या वर असतील तर फीमध्ये सवलत आहे. पंच्याण्णवच्या वर असतील तर आपण बसून बोलू.”

दाजींनी फोन ठेवला आणि ‘एकूण बसलेले’ या रकान्यात लाल शाईनं सवलतीचं ते वाक्य लिहिलं. मामांना वाटलं दाजी भुलले. पण उत्तर त्याच वाक्यात होतं. जी मुलगी पंच्याण्णव टक्के घेऊन येते, तिला फी माफ करून आत घ्यायचं. तिला वरच्या बॅचमध्ये बसवायचं, तिथे सगळ्यात चांगले मास्तर. दोन वर्षांनी ती लागली की तिचा फोटो छापायचा. ती बहुधा कुठेही लागली असती, हे छापायचं नाही. आणि ज्याच्या बापानं पूर्ण फी भरली, तो खालच्या बॅचमधला मुलगा त्या फोटोचा खर्च उचलतो. आंब्याच्या पेटीत वरच्या थराला निवडक फळ लावतात, हे आपल्याला ठाऊक असतं आणि आपण निदान एखादं खालचं काढून दाबून तरी बघतो. इथे मात्र वरचा थर बघून पेटी घरी आणतो आणि पेटीत आपलंच पोर असतं.

तक्ता करता करता दाजींना दुसरा शोध लागला. ‘लागले’ हा एक आकडा नसून आकड्यांचं एकत्र कुटुंब आहे. त्यातला थोरला ‘नीट पात्र’, म्हणजे मेडिकलच्या ‘नीट’ प्रवेशपरीक्षेत पात्र. एका क्लासनं छापलं होतं, आमचे नव्वद टक्के विद्यार्थी नीट पात्र. ऐकायला भारदस्त. पण खुल्या गटाची पात्रतेची रेषाच मुळी ५० पर्सेंटाइलवर आखलेली असते, आणि राखीव गटांची ४० वर. पन्नास पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांतला निम्मा जमाव रेषेच्या वर राहणारच, पेपर कितीही अवघड काढा. २०२४ साली ही रेषा ७२० पैकी १६२ गुणांवर आली. त्या वर्षी सुमारे २४ लाख मुलांनी नोंदणी केली होती, तेरा लाखांवर मुलं पात्र ठरली, आणि एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून लाखाच्या थोड्या वर. म्हणजे पात्र ठरलेल्या दर बारा जणांमागे साधारण एक खुर्ची. खुल्या गटातली कित्येक मुलं सहाशेच्या पुढे जाऊनही सरकारी एमबीबीएसच्या दाराबाहेर राहिली. ती सगळी ‘नीट पात्र’ होती. पत्रकात ती आहेत.

कुटुंबातला मधला भाऊ म्हणजे ‘मेडिकलला लागले’. यात एमबीबीएस येतं, तसं बीडीएस येतं, बीएएमएस येतं, बीएचएमएसही येतं, कारण त्यांचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात. त्या शिक्षणाला नावं ठेवायचं कारण नाही. पण पत्रकावर मथळा पांढऱ्या कोटाचा आणि आत मोजदाद सगळ्या गोतावळ्याची, हे काही बरं नाही. आणि धाकटा, सगळ्यांत गरीब, कोपऱ्यात उभा असलेला आकडा म्हणजे ‘सरकारी एमबीबीएस, पहिल्या प्रयत्नात’. तो विचारला की पत्रक देणारा म्हणतो, “ते अजून राउंड चालू आहेत, सर.” राउंड बाराही महिने चालू असतात.

फोटोंची गंमत आणखी वेगळी. एकाच टॉपरचा फोटो तीन क्लासच्या फ्लेक्सवर असतो, तिन्हीकडे वेगळ्या शर्टात. एकानं त्याला दोन वर्षं शिकवलेलं असतं, दुसऱ्याकडे तो शेवटच्या महिन्यात टेस्ट सिरीजला बसलेला असतो, तिसऱ्याकडे बहुधा झेरॉक्स काढायला गेलेला असतो. अखेर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निकाल लागल्यानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव, फोटो वापरायचा नाही, आणि त्यानं नेमका कोणता कोर्स केला, किती काळाचा, हेही सांगायचं. दाजींनी ते परिपत्रक छापून फाइलला लावलं. मामा म्हणाले, “फ्लेक्सवर येवढं कोण वाचतंय? फोटो दिसला की झालं.”

बरं, क्लासवाल्यांना तरी किती बोल लावायचा? २०२४ साली परीक्षा घेणाऱ्यांचाच आकडा जागेवर राहिला नव्हता. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. पाचवीतलं पोर सांगेल की ७१९ गुण पडायला वाटच नाही. तरी ७१८ आणि ७१९ गुणांची मुलं निघाली, कारण १,५६३ जणांना वाया गेलेल्या वेळेपोटी वाढीव गुण दिले होते. ते मग रद्द झाले, २३ जूनला त्या मुलांसाठी फेरपरीक्षा झाली, आणि पहिल्या क्रमांकावर आधी जे ६७ जण होते ते सुधारित निकालात १७ उरले. देशात पहिला आलेला मुलगा दोन महिन्यांच्या आत देशात पहिला राहत नाही, ही गोष्ट ज्यांच्या घरात घडली त्यांनी वाटलेल्या पेढ्यांचं काय केलं असेल, या विचारानं वहिनींना रात्रभर झोप लागली नाही.

लातूरचं नाव निघालं की मामांचा ऊर भरून येतो, आणि यायलाच हवा. १९७० साली तिथे राजर्षी शाहू महाविद्यालय निघालं. प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या काळात तिथे जी पद्धत घडली तिला पुढे सगळा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागला. तिच्यात जादू नव्हती. जादा तास, सुटीतले वर्ग, चाचणीवर चाचणी, आणि प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हातात परत. तेव्हा मेडिकलचा प्रवेश बारावीच्या ‘ग्रुप’च्या मार्कांवर होत असे आणि बोर्डाची गुणवत्ता यादी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येई. पुण्या-मुंबईच्या नावांत अचानक लातूर दिसायला लागलं. ज्यांच्या घरात वीज धड नव्हती अशी मराठवाड्यातली पोरं डॉक्टर झाली. त्या यशाला कुणी नाव ठेवू नये.

मात्र पद्धत गाजली की तिच्यात काय होतं ते मागे पडतं आणि तिचा आकडा पुढे जातो. बोर्डाच्या मार्कांची जागा आधी राज्याच्या सीईटीनं घेतली, मग नीटनं. कॉलेजच्या शेजारी क्लास उभे राहिले, क्लासशेजारी हॉस्टेल, हॉस्टेलशेजारी मेस, मेसशेजारी पोटाचे डॉक्टर. आता नांदेड, परभणी, बीडची हुशार मुलं आधीच गाळून लातूरला येतात. लातूरला आल्यामुळे मुलं हुशार होतात की हुशार मुलं आल्यामुळे लातूरचा निकाल लागतो, याचा निवाडा करायचा तर निम्म्या मुलांना चिठ्ठी टाकून लातूरला पाठवावं लागेल आणि निम्म्यांना घरी ठेवावं लागेल. दाजींनी तसं सुचवून पाहिलं. मामा दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बोलले नाहीत.

तरी दाजी लातूरला तयार झाले असते. त्यांना अडवलं नियमानं. दाजींनी एका संध्याकाळी नियमपुस्तिका उघडून सगळ्यांसमोर वाचन केलं. दिल्ली विद्यापीठाच्या मौलाना आझाद, लेडी हार्डिंग आणि यूसीएमएस या कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा दिल्लीत अकरावी-बारावी केलेल्यांना. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी रहिवासी दाखला तर हवाच, वर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. आता मुलीची दहावी झाली दिल्लीत. ती बारावीला लातूरला गेली की दिल्लीचा कोटा सुटला, आणि दहावी दिल्लीची म्हणून महाराष्ट्राचा लागला नाही. त्रिशंकूसाठी विश्वामित्राला निदान स्वतंत्र स्वर्ग उभारता आला होता. हिच्या वाट्याला देशभरच्या स्पर्धेतल्या १५ टक्के जागा आणि ज्यांची फी ऐकून माणसालाच डॉक्टर लागावा अशी खासगी कॉलेजं.

“अपवाद आसंल की काही,” मामा म्हणाले. मराठवाड्याच्या माणसाला कोट्याचं दुखणं नवं नाही. राज्यातच विभागवार ७०:३० चा कोटा होता आणि मराठवाड्यात जागा कमी म्हणून तिथली पोरं वर्षानुवर्षं कुढत होती. तो सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला, तेव्हा वैद्यकीय शिक्षणमंत्री होते लातूरचेच अमित देशमुख. त्यामुळे नियम बदलू शकतो, फक्त आपला माणूस हवा, यावर मामांची श्रद्धा आहे.

“अपवाद आहे,” दाजी म्हणाले. “केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची बदली बाहेरून महाराष्ट्रात झाली तर.”

“मग झालं तर! पोरीला कशाला, तुम्हीच या की लातूरला.”

क्वार्टर सोडायचं म्हटल्यावर वहिनींच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती झाशीच्या तटावर शोभली असती. विषय तिथेच संपला.

राहिली दिल्ली. दिल्लीत जागरूक पालक शाळा निवडतो ती न जाण्यासाठी. मूल नावापुरतं शाळेत, दिवसभर क्लासमध्ये. ‘डमी’ हा शब्द इथे आई-बाप शेजाऱ्यांसमोर मोठ्यानं उच्चारतात, दबक्या आवाजात फक्त फी सांगतात. सीबीएसईनं २०२४ च्या सप्टेंबरात दिल्ली आणि राजस्थानात अचानक तपासण्या केल्या आणि नोव्हेंबरात २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. त्यातल्या १६ दिल्लीच्या. कागदावर वर्ग गच्च आणि बाकांवर धूळ. मला त्या तपासनिसांचं वाईट वाटतं. इतक्या निवांत शाळा त्यांना पुन्हा बघायला मिळायच्या नाहीत. दाजींनी मात्र डमीवर एका ओळीचा शेरा मारला: ‘हजेरी असत्य, फी सत्य, सबब अमान्य.’

हा आकड्यांचा आजार आपल्याच देशाचा म्हणावा तर तसंही नाही. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. अमेरिकेत मेडिकल स्कूलला पदवीनंतर जातात, तेव्हा त्याच्या घरी हाच सोहळा चार वर्षांच्या पदवी कॉलेजसाठी चालला होता. त्यानं फोनवर सांगितलं, “एक कॉलेज पाहिलंय. त्यांचे नव्वद टक्के मेड स्कूलला लागतात.” तिकडे देशभरात अर्ज करणाऱ्या दहांतल्या साधारण चौघांना प्रवेश मिळतो, मग हे नव्वद टक्के कुठून आले? तर काही कॉलेजांत एक समिती असते. ती मुलाला मेडिकल स्कूलसाठी शिफारसपत्र देते. ज्याचं लागण्यासारखं दिसत नाही त्याला समिती प्रेमानं जवळ बसवून सांगते, बाळ, सार्वजनिक आरोग्यात फार मोठी संधी आहे. पहिल्या वर्षीच्या केमिस्ट्रीत निम्मी मुलं आधीच गळालेली असतात. मग उरलेल्या दहांतले नऊ लागतात. लातूर असो की एडिसन, टक्केवारी वाढवायला मुलं शिकवण्यापेक्षा छेद लहान करणं सोपं.

दाजींनी ही हकीकत फाइलला ‘विदेशी संदर्भ’ म्हणून लावली आणि मग त्यांना जुना संदर्भ आठवला. गोपाळराव जोशी पोस्टात कारकून होते, म्हणजे बदलीचे सरकारी नोकर. आज असते तर लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळाला असता. बायकोला, आनंदीबाईंना, शिकवायचं म्हणून त्यांनी कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते त्याच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, समोर ते मासिक पडलं होतं, त्यांनी उचललं आणि वाचलं. त्यातून पत्रव्यवहार जुळला, १८८३ साली आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पहिल्या मराठी डॉक्टर बाईचं कॉलेज ठरलं ते दाढदुखीच्या खोलीत पडलेल्या मासिकावरून. गोपाळराव हट्टी, तऱ्हेवाईक, सगळं मान्य. पण ‘त्या कॉलेजचे यंदा किती लागले’ असं त्यांनी विचारल्याची कुठे नोंद नाही. आनंदीबाईंचं चौदाव्या वर्षी झालेलं मूल थोड्याच दिवसांत गेलं होतं. डॉक्टर कशाला व्हायचं, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी होतं. कॉलेज त्यानंतर आलं. आपल्याकडे कॉलेज आधी येतं, क्लास त्याच्याही आधी येतो, आणि डॉक्टर का व्हायचं याचा विचार मुलं इंटर्नशिपच्या रात्रपाळीत करतात.

मामा परत निघायच्या आदल्या रात्री जेवणं झाली आणि आम्ही सगळे जिन्यात वारा खात बसलो होतो. निर्णय झाला होता. मुलगी दिल्लीतच राहणार, रोज खरोखरच्या शाळेत जाणार, संध्याकाळी क्लास. मामांनी हार मानली नव्हती. त्यांनी शेवटचं पत्रक काढलं आणि भाचीपुढे धरलं. “बघ गं, साडेआठशे.”

तोवर या विषयावर मुलीचं मत कुणी विचारलं नव्हतं. तिनं पत्रक उलटून मागची कोरी बाजू बघितली. “मामा, न लागलेली मुलं आता काय करतात?”

“काय करतील? येखादं वर्ष रिपीट मारतील. मग बीफार्म, न्हाईतर बीएस्सी अॅग्री. राहिलेले स्पर्धा परीक्षा.”

“मग?”

“मग सरकारी नोकरी. लागली तर.”

मुलीनं वडिलांकडं पाहिलं. दाजी स्वतः लातूर पॅटर्नचे. ग्रुपला तीन मार्क कमी पडले, बीएस्सी झाली, स्टाफ सिलेक्शनची परीक्षा देऊन दिल्लीत आले. लातूरच्या कुठल्याच पत्रकावर ते नाहीत. दाजींनी हे सांगितल्यावर जिन्याला कंठ फुटला. बंगाली बाबूंनी जॉइंट एन्ट्रन्स दोनदा दिली होती. मल्याळी ताई एन्ट्रन्समध्ये राहिल्या आणि लेखापरीक्षणात आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांना तर होमिओपॅथी मिळत होती, वडिलांनी नको म्हटलं. सहा क्वार्टर्सचा जिना, आणि सहाही घरांत एकेकाळी मेडिकलच्या मागे धावलेलं एकेक माणूस. लागलेले शून्य.

दाजींना एकदम उत्साह आला. इतक्या दिवसांनी त्यांना पूर्ण भरलेला रकाना मिळाला होता. “मामा, हे छापा! मेडिकलला न लागलेले सहा, पैकी सरकारी नोकरीत सहा. सगळ्यांना क्वार्टर, सगळ्यांना सीजीएचएसचं कार्ड. निकाल शंभर टक्के!”

सगळा जिना हसला. मामा हसले नाहीत. आठवडाभर दाजींच्या तोंडून एकच प्रश्न ऐकून तो त्यांना पाठ झाला होता.

“ते समदं खरं, दाजी,” ते म्हणाले. “पण ह्या नोकरीच्या परीक्षेला बसले किती होते, तेवढं सांगा की.”